मनसा, वाचा, कर्मणा : सैन्याधिकारी निवडणाऱ्या मानसशास्त्राचा इतिहास

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत पूर्वजांच्या पराक्रमाचे वर्णन प्रतिवर्षी येते, आणि ते यावे हे उचितच आहे. ज्या समाजास आपला इतिहास आठवत नाही, त्यास पुढची वाटही नीट दिसत नाही. तथापि या गौरवगाथांच्या सावलीत एक समजूत नकळत वाढत असते. शौर्य रक्तातून येते, नेतृत्व कुळातून येते, आणि अमुक घरात जन्मलेला मुलगा आपोआपच सेनानायक होण्यास पात्र ठरतो, अशी ती समजूत होय. ही समजूत केवळ आपलीच नाही. एके काळी मोठमोठ्या साम्राज्यांनी आपल्या फौजा तिच्यावर उभारल्या होत्या. पुढे महायुद्धाच्या कसोटीस ती उतरली नाही, आणि तिच्या जागी माणूस पारखण्याचे एक नवे शास्त्र आले. त्या शास्त्राचा आणि राष्ट्ररक्षणाच्या कार्यात ते राबविणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचा वृत्तांत आपल्या कुटुंबांतील तरुण-तरुणींपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माणसाच्या मनाची पारख ही आपल्या भूमीस नवी गोष्ट नव्हे. ज्या शिवनेरीवर 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवछत्रपतींचा जन्म झाला, तो गड जुन्नरकरांस घराच्या अंगणातून दिसतो. त्याच जुन्नर शहरावर 1657 साली महाराजांच्या निवडक लोकांनी रात्री तट चढून छापा घातला आणि मोगलांचे द्रव्य व घोडे हस्तगत केले. असले काम हाती घेताना कोणास पुढे धाडावे, कोणास मागे ठेवावे, अंधारात कोणाचा धीर सुटेल आणि कोणाचा टिकेल, हे अगोदर ओळखावे लागते. पुढे 1659 साली अफझलखानाच्या स्वारीत पंताजी गोपीनाथ वकील म्हणून खानाच्या गोटात गेले, ते केवळ निरोप पोचविण्यासाठी नव्हे; खानाच्या मनात काय आहे ते काढून आणणे हे त्यांचे खरे काम होते. आपला माणूस ओळखणे आणि शत्रूचे मन ओळखणे ही दोन्ही अंगे आपल्या इतिहासात आहेत. परंतु ही पारख एका थोर पुरुषाच्या दृष्टीत वसत होती. ती दृष्टी त्याच्याबरोबर लोपते. दहा सामान्य माणसांना शिकविता येईल आणि शंभर ठिकाणी सारख्याच रीतीने वापरता येईल, अशी पद्धत जेव्हा तयार होते, तेव्हाच पारखीचे शास्त्र बनते.

शास्त्र येण्यापूर्वी मात्र एक अपशास्त्र आले. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी फौजेची नवी घडण केली. 1885 ते 1893 या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत ‘लढवय्या जातीं’चा सिद्धान्त विशेष बोकाळला. काही जाती जन्मतः लढाऊ व बाकीच्या जन्मतः भित्र्या, असे त्या सिद्धान्ताचे सार होते. तो किती पोकळ होता, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात सापडतो. 1818 च्या कोरेगाव भीमा येथील लढाईत कंपनीच्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने लढले होते, आणि तेथील स्तंभावर त्यांची नावे कोरली गेली. त्याच जातीस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्याचे दार बंद झाले. माणसे तीच, रक्त तेच. बदलले होते ते फक्त साहेबाचे मत. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज करून भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासताच 1917 साली महार पलटण उभी राहिली, युद्ध संपताच 1921 साली ती मोडण्यात आली, आणि दुसरे महायुद्ध पेटल्यावर 1941 साली बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली. जी ‘जन्मजात’ अपात्रता गरजेप्रमाणे येते आणि जाते, तिला जन्मजात कसे म्हणावे?

अधिकारीपदाची कथा याहून वेगळी नव्हती. हिंदी तरुणांस सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात वर्षाला दहा जागा 1918 साली मिळाल्या, आणि त्या बहुतांशी सरकारनिष्ठ व वजनदार घराण्यांकडे गेल्या. डेहराडून येथे हिंदी लष्करी विद्यालय 1932 साली सुरू झाले. त्याची योजना आखणाऱ्या समितीवर नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे होते; त्यांनीच पुढे 1937 साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. शिक्षणाची सोय अशी हळूहळू होत गेली, परंतु निवड कशी करावी या प्रश्नाचे उत्तर जुनेच राहिले. मुलाखतीस बसलेले वडीलधारे अधिकारी उमेदवाराचे घराणे, त्याची शाळा, चालण्याबोलण्याची ऐट आणि इंग्रजी उच्चार पाहत, आणि घटकाभरात त्याचे भवितव्य ठरवून टाकत.

मानसशास्त्र हे तरी या जन्मवादापासून अलिप्त होते काय? नव्हते, आणि ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. अमेरिका 1917 साली युद्धात उतरली, तेव्हा रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सुमारे 17 लाख सैनिकांची बुद्धिमापन चाचणी घेण्यात आली. लिहितावाचता येणाऱ्यांस ‘अल्फा’ आणि न येणाऱ्यांस चित्रांची ‘बीटा’ चाचणी देत. एवढ्या मोठ्या प्रमाणावर मन मोजण्याचा हा जगातील पहिलाच प्रयोग होता. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगम या विद्वानाने 1923 साली असा निष्कर्ष काढला, की अमुक वंशाचे लोक जात्याच बुद्धिमान व अमुक वंशाचे मंद. पुढे त्याच्याच ध्यानात आले, की परदेशातून नुकत्याच आलेल्या, इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाची इंग्रजी चाचणी घेतली, तर मोजली जाते ती भाषा, बुद्धी नव्हे. 1930 साली त्याने आपला पूर्वीचा निष्कर्ष निराधार असल्याचे छापून मान्य केले. विद्वानाने आपले मत असे उघडपणे मागे घ्यावे, ही गोष्ट विरळा होय. शास्त्र आणि दुराग्रह यांतील भेद येथेच दिसतो. आपल्याकडे त्याच सुमारास डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागातील मराठी व कानडी मुलांसाठी बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्यांचे रूपांतर केले, आणि 1940 साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुलाची बुद्धी त्याच्या भाषेत आणि त्याच्या परिसरातील वस्तूंच्या साहाय्यानेच पाहिली पाहिजे, हा धडा मराठी मुलुखासही अशा रीतीने मिळाला.

दुसऱ्या महायुद्धाने जुन्या मुलाखतीची परीक्षा घेतली. इंग्लंडमध्ये घराणे व शाळा पाहून निवडलेले अनेक उमेदवार अधिकारी-प्रशिक्षणात नापास होऊन परत येऊ लागले, तर काही रणांगणावर मनाने कोसळले. उलटपक्षी साध्या घरांतील कर्तबगार शिपाई मागेच राहत होते. तेव्हा ॲडज्युटंट जनरल सर रोनाल्ड ॲडम यांच्या पुढाकाराने 1942 साली एडिंबरो येथे नव्या निवड मंडळाचा प्रयोग सुरू झाला आणि त्यात मानसशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ यांस स्थान मिळाले. या मंडळींत विल्फ्रेड बायन हे एक होते. त्यांचा जन्म 1897 साली आपल्या मथुरेत झाला होता. वडील येथे इंजिनिअर होते. आठव्या वर्षी त्यांस शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आले. पहिल्या महायुद्धात ते रणगाडा दलात लढले आणि त्यांस शौर्यपदक मिळाले. पुढे काही काळ त्यांनी शाळेत शिक्षकी केली, नंतर वैद्यकी शिकून मनोविकारांच्या अभ्यासास वाहून घेतले. रणांगण, वर्ग आणि रुग्णशाळा असे तिन्ही अनुभव गाठीशी असलेल्या या गृहस्थाने एक साधी, परंतु अत्यंत मार्मिक युक्ती काढली. आठ-दहा उमेदवारांस एकत्र करून एक अवघड काम द्यावयाचे आणि त्यांचा नायक मात्र नेमावयाचा नाही. प्रत्येकास स्वतः चमकावयाचे असते. पण काम तर सर्वांनी मिळून केल्यावाचून होत नाही. अशा पेचात कोण दुसऱ्यास ढकलून पुढे येतो, कोण रुसून बाजूला उभा राहतो, आणि कोण स्वतःचा मोठेपणा विसरून काम तडीस नेतो, हे न विचारताच दिसून येते.

हीच पद्धत 1943 साली डेहराडून येथे प्रायोगिक मंडळाच्या रूपाने भारतात आली. पाहुण्या सरकारच्या कितीतरी संस्था स्वातंत्र्यानंतर मोडीत निघाल्या, परंतु ही टिकली, वाढली आणि आपली झाली. 1949 साली संरक्षण विज्ञान संघटनेत मानसशास्त्रीय संशोधन शाखा निघाली, 1962 साली तिचे संचालनालय झाले, आणि 1982 साली तिला डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ सायकॉलॉजिकल रिसर्च हे नाव मिळाले. दिल्लीतील ही संस्था संरक्षण संशोधन व विकास संघटनेचा भाग असून, निवड मंडळांवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांस, मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यांस व मैदानी कसोट्या घेणाऱ्यांस तेथेच शिक्षण मिळते.

आता या मंडळाचे काम कसे चालते ते पाहू. सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड या नावाने ओळखली जाणारी ही मंडळे प्रयागराज, भोपाळ, बेंगळुरू इत्यादी ठिकाणी आहेत. उमेदवार तेथे सुमारे पाच दिवस राहतो. पहिल्या दिवसाच्या चाळणीतच पुष्कळ जण परत फिरतात. उरलेल्यांची पारख तीन अंगांनी होते, आणि त्या तीन अंगांस आपल्याकडील मनसा, वाचा, कर्मणा हेच शब्द लावण्याचा प्रघात आहे. मनाने तो काय आहे हे मानसशास्त्रज्ञ पाहतो. वाचेने तो काय आहे हे मुलाखत घेणारा अधिकारी पाहतो. कृतीने तो काय आहे हे मैदानावर पाहिले जाते. तेथे फट्टा, बल्ली आणि दोर देऊन बायन यांच्याच युक्तीने गटाकडून अडथळे ओलांडून घेतात. तिघेही परीक्षक आपापले मत स्वतंत्रपणे बनवितात आणि शेवटच्या दिवशीच्या सभेत ती मते प्रथमच एकमेकांसमोर येतात. जो मनात एक, बोलण्यात दुसरे आणि करण्यात तिसरे असतो, त्याची तफावत तेथे उघडी पडते.

मानसशास्त्रज्ञाचे काम यांत सर्वांत निराळे होय. सामान्यतः तो उमेदवाराशी बोलत नाही. अखेरच्या सभेपर्यंत त्याच्यापुढे असतो तो केवळ हस्तलिखित कागद. उमेदवारांस एकामागून एक बारा चित्रे दाखवितात, त्यांतील शेवटचे कोरे असते. चित्र तीस सेकंद पाहावयाचे आणि चार मिनिटांत त्यावर कथा लिहावयाची. मग साठ शब्द. प्रत्येक शब्दास पंधरा सेकंद, आणि त्या अवधीत मनात येईल ते वाक्य. पुढे तीस मिनिटांत साठ प्रसंग, आणि आपण काय कराल ते लिहावयाचे. शेवटी आईवडील, शिक्षक व मित्र आपल्याविषयी काय मानतात, आणि आपण स्वतःस कसे समजतो, याचे वर्णन. प्रसंगांचे स्वरूप कसे असते, याची कल्पना आपल्या भागातील उदाहरणाने देतो. समजा, सायंकाळी उसाच्या फडालगतच्या वाटेने शाळेतील लहान मुले घरी येत आहेत, आणि तुम्हांस फडात बिबट्या शिरताना दिसला. एक जण लिहितो, ‘मी काठी घेऊन बिबट्यावर धावून जाईन.’ दुसरा लिहितो, ‘मी देवाचे नाव घेईन.’ तिसरा लिहितो, ‘मुलांना एकत्र करून मोठ्याने बोलत वस्तीकडे नेईन, शेजाऱ्यांस सावध करीन आणि वनखात्यास कळवीन.’ पहिल्याच्या शौर्याचे कौतुक वाटेल, परंतु मुलांची आठवण झाली ती तिसऱ्यास. एका उत्तरावरून कोणाचा निकाल लागत नाही. शेकडो उत्तरांतून जो एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकू येतो, तो मानसशास्त्रज्ञ टिपतो. वेळ इतका अपुरा असतो, की नटण्यास अवकाशच उरत नाही.

त्याच्यापुढे पंधरा गुणांची एक सूची असते. परिणामकारक बुद्धी, तर्कशक्ती, संघटनक्षमता, विचार मांडण्याची शक्ती, लोकांत मिसळण्याची वृत्ती, सहकार्य, जबाबदारीची जाणीव, पुढाकार, आत्मविश्वास, निर्णयाची तत्परता, गटावर प्रभाव पाडण्याची क्षमता, प्रसन्नता, निर्धार, धैर्य आणि चिकाटी. वाचकांनी ही सूची पुन्हा एकदा सावकाश वाचावी. उमेदवार आपले घर, वडिलांचा व्यवसाय, शिक्षण व खेळ यांची माहिती एका पत्रकात लिहून देतो खरी, परंतु या पंधरा गुणांत कुळाचा गुण नाही, जातीचा नाही आणि जमिनीच्या एकरांचाही नाही. इटलीच्या रणभूमीवर 1944 साली यशवंत घाडगे यांनी आणि 1945 साली नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, तो आपल्या कृतीने. त्यांच्यासारख्याच घरांत जन्मलेले इतर हजारो होते.

हे गुण गणवेशाखालीच असतात असेही नाही. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास जीव गेले. ती वार्ता बाहेरच्या जगास दिली ती एस.टी.च्या एका चालकाने. नेहमीच्या फेरीवर गेलेल्या त्या गृहस्थास गाव जागेवर दिसले नाही. तो गोंधळून न जाता परतला आणि त्याने अधिकाऱ्यांस कळविले. जबाबदारीची जाणीव आणि निर्णयाची तत्परता हे दोन गुण कोणत्या शाळेत शिकविले जातात, असे कोणी विचारल्यास त्या फेरीकडे बोट दाखवावे.

निवडीखेरीज या शास्त्रज्ञांस अन्य कामेही असतात. अतिउंच बर्फाळ प्रदेशात महिनोन्‌महिने राहणाऱ्या जवानांच्या मनावर काय परिणाम होतो, घरापासून दीर्घकाळ दूर राहून आणि सतत सावध राहून येणारा ताण कसा हलका करावा, कोणत्या कामास कोणता माणूस योग्य, यांचा अभ्यास ते करतात. या कार्यात गणवेशातील अधिकारी आहेत, तसेच मुलकी शास्त्रज्ञही आहेत. मानसशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेल्या तरुण-तरुणींस हा मार्ग खुला आहे, आणि त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पुणे विद्यापीठात प्रा. कोठुरकर यांच्या मार्गदर्शनाखाली 1950 साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला होता, आणि ती परंपरा आजही चालू आहे. मात्र या व्यवसायात प्रसिद्धीची आशा धरू नये. सेनापतीचा पुतळा उभा राहतो. त्यास विसाव्या वर्षी कागदांतून ओळखणाऱ्याचे नाव कोणास ठाऊक नसते. अयोग्य माणसाच्या हाती पलटण न गेल्यामुळे जे अनर्थ टळले, त्यांची तर कोठे नोंदच होत नाही.

ही पद्धत निर्दोष आहे काय? मनुष्याने केलेली कोणतीच पद्धत निर्दोष नसते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम तरुणपणी वायुदलाच्या निवडीसाठी डेहराडूनच्या मंडळापुढे गेले होते. पंचवीस उमेदवारांत त्यांचा क्रमांक नववा लागला आणि जागा होत्या आठ. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात ही हकीकत मोकळेपणाने सांगितली आहे. तेच कलाम पुढे 1992 ते 1999 या काळात संरक्षण संशोधन व विकास संघटनेचे प्रमुख झाले, म्हणजे निवडीचे मानसशास्त्र घडविणारी संस्थाही त्यांच्याच आधिपत्याखाली आली. आणि 2002 साली राष्ट्रपती होऊन ते तिन्ही सैन्यदलांचे सर्वोच्च सेनापती झाले. मंडळाचा नकार म्हणजे माणसाच्या किमतीचा निकाल नव्हे. त्या कामास, त्या वेळी, हा तरुण पुरा पडेल काय, एवढाच तो प्रश्न असतो.

हे सांगण्याचे कारण आहे. अध्यापनाच्या काळात मंडळापुढे जाऊन हात हलवीत परतलेले काही विद्यार्थी प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. गावात त्यांची दोन प्रकारे बोळवण होते. कोणी म्हणतो, ‘वशिला लागतो, आपल्याला कोण विचारतो?’ कोणी म्हणतो, ‘आपल्या रक्तात सैन्य आहे, मग हा कसा पडला?’ दोन्ही बोलणी मुलाचे सारखेच नुकसान करतात. पहिले त्याचा प्रयत्न संपविते आणि दुसरे त्याची मान खाली घालविते. तिसरा अपाय शहरांतील काही शिकवणी वर्गांचा. तेथे तयार कथा पाठ करवून घेतात. साठ मुलांच्या कागदांवर एकच शूर नायक एकाच रीतीने पूर थोपवू लागला, म्हणजे वाचणाऱ्या मानसशास्त्रज्ञास त्यात मुलगा दिसत नाही, शिकवणी दिसते.

मग घराने काय करावे? मुलास लहानपणापासून जबाबदारी द्यावी. जत्रेच्या पंगतीची व्यवस्था, पाणीवाटपाची पाळी, दूधसंस्थेचा हिशेब, आजारी शेजाऱ्यास नारायणगावच्या वा मंचरच्या दवाखान्यात नेणे, ही कामे त्याने स्वतः करावीत आणि चुकल्यास स्वतःच सुधारावीत. घरात त्याचे मत विचारावे आणि ते का आहे हेही विचारावे. वर्तमानपत्र वाचावे व त्यावर बोलावे. मैदानी खेळ खेळावेत. पाच दिवसांत मंडळ जे पाहते, ते पंधरा-सोळा वर्षांत ओसरीवर आणि शिवारात घडलेले असते. साताऱ्याची सैनिक शाळा 1961 साली सुरू झाली, ती देशातील पहिली. औरंगाबादेत राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था 1977 साली निघाली. त्यांचा लाभ अवश्य घ्यावा, परंतु पाया घरीच घालावा लागतो.

मुलींविषयी दोन शब्द स्वतंत्र लिहिणे अवश्य वाटते. ज्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला 1949 साली बसली, आणि जी 1955 पासून आपल्याच जिल्ह्यात उभी आहे, तिचे दार मुलींसाठी 2022 साली उघडले. 30 मे 2025 रोजी सतरा मुलींची पहिली तुकडी तेथून दीक्षान्त संचलन करून बाहेर पडली. ‘लढवय्या जाती’च्या सिद्धान्ताप्रमाणे ‘लढवय्ये लिंग’ हाही एक सिद्धान्तच होता, आणि त्याचीही गत तीच झाली. पंधरा गुणांच्या त्या सूचीत मुलगा किंवा मुलगी असा गुणही नव्हताच.

पूर्वजांचा अभिमान अवश्य बाळगावा. त्यामुळे मान ताठ राहते. परंतु कोऱ्या चित्रावर चार मिनिटांत कथा लिहिताना पूर्वज मदतीस येत नाहीत. तेथे आपले मन, आपली वाचा आणि आपली कृती एवढेच भांडवल असते. शिवनेरीच्या पायथ्याशी, कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या काठी वाढणारी आपली मुले-मुली हे भांडवल जोडोत. त्यांतील काही सेनानायक होवोत, आणि एखादा तरी असे सेनानायक ओळखणारा अनामिक मानसशास्त्रज्ञ होवो, ही सदिच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.